तुझं गाऱ्हाणं, माझं तोंड

गुण्या, तू गेलास ही बातमी वाडीत कुणी खरी मानली नाही, कारण ती मी सांगितली.

त्या दुपारी तुझ्या घरापुढच्या खळ्यातून निघालो तो अनवाणीच किनाऱ्यावर आलो. होड्या पावसाळ्यासाठी वर ओढून माडाच्या झापांखाली ठेवलेल्या. पांडू आणि आणखी दोघंतिघं त्यांच्या आडोशाला जाळी सांधत बसलेले. मी म्हटलं, "रे, गुणाजी गेलो."

पांडूने सुईसुद्धा थांबवली नाही. "खंय गेलो? पुन्ना कोल्हापुराक? आता काय, हाताचा हाड नाकात बसवतत?"

"अरे, खराच गेलो."

"व्हय तर. गेल्या म्हयन्यात तुझी म्हस विमानाक बघून आटली, तां पण खराच."

सगळे हसले. मी वाळूत बसलो. आणखी एक शब्द काढायला गेलो तर घशातून नुसता वारा आला. तेव्हा पांडूने सुई खाली ठेवली. मी गप्प बसलेला त्याने जन्मात पाहिला नव्हता. त्यावरून त्याला कळलं.

बघ, तुझ्या मरणाची साधी बातमीसुद्धा माझ्या तोंडाला धड पोचवता आली नाही. आणि हे तोंड मी दोन वर्षं तुझं म्हणून वापरलं. त्याबद्दलच तुझ्याशी बोलायचं आहे. आता तू मला अडवू शकत नाहीस. तसं तू कधी अडवलं नाहीसच, हीच तर पंचाईत.

मी एसटीत कंडक्टर होतो. कोल्हापूरच्या गाडीत फोंडाघाट चढताना माणसांना मळमळायला लागलं की गोष्ट सुरू करायची, वर पोचेपर्यंत संपवायची नाही, ही माझी रीत. आमच्या गाडीत ओकारीच्या पिशव्या शिल्लक राहत, असं मी सांगत असे. खरं म्हणजे माणसं ओकत, पण हसत ओकत. थापा मारायचे मला पैसे मिळत नसत. त्या तिकिटाबरोबर फुकट होत्या.

पहिली थाप मात्र तुझ्या साक्षीने मारली. चौथीत होतो आपण. शाळेला उशीर झाला म्हणून मी गुरुजींना सांगितलं, खाडीत देवमासा आडवा पडला होता, तरीच्या होडीला वाट मिळेना. गुरुजींनी तुला उभं केलं. "गुणाजी, खरं सांग. दिसला का देवमासा?" तू बराच वेळ विचार केलास. मग म्हणालास, "शेपटी दिसली. तोंड नाय बघलंय."

छड्या दोघांनाही बसल्या. पण घरी येताना मी तुला विचारलं, असं का बोललास, तर म्हणालास, "तू येवढ्या हौशीन सांगी होतस." त्यानंतर पन्नास वर्षं तू माझ्या प्रत्येक थापेची शेपटी धरून उभा राहिलास. मी बोलायचो, तू मान हलवायचास, आणि लोक म्हणायचे, गुणाजी तांडेल मान हलवतोय म्हणजे त्यात काहीतरी असणार. माझी सगळी पत तुझ्या मानेवर उभी होती. याबद्दल मी तुझे कधी आभार मानले नाहीत. आता मानतो. फार उशिरा, पण मानतो.

तू एरवी दिवसाला वीस-बावीस शब्द खर्च करणारा माणूस. उरलेले सगळे तू नारळी पौर्णिमेसाठी साठवून ठेवायचास. त्या दिवशी आपल्या वाडीच्या होड्या पाण्यात उतरायच्या आधी दर्याला गाऱ्हाणं घालायचा मान तुझ्या घरचा. तुझे वडील घालायचे, त्यांच्यामागे तू. एकाने देवापुढे मोठ्याने मागणं मांडायचं, प्रत्येक मागण्याच्या शेवटी "म्हाराजा" म्हणून हाक द्यायची, आणि मागे उभ्या असलेल्या सगळ्या वाडीने "व्हय म्हाराजा" म्हणून ते उचलायचं. तुझी हाक देवगडच्या बंदरापर्यंत जाते आणि तिथली कुत्री कान टवकारतात, असं मी एसटीत सांगत असे. खरं म्हणजे ती वाडीच्या शेवटच्या घरापर्यंत जायची. पण त्या घरात अंथरुणाला खिळलेली तुझी आत्या होती, आणि तिथून तिचा बारीक "व्हय" उमटल्याशिवाय तू पुढचं मागणं मांडत नसस. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. यात तिखटमीठ लावायला जागाच नव्हती.

मग तो जबडा आला. म्हणजे जबडा होताच, त्याच्यात ती गाठ आली. वर्षभर तू दाढीखाली लपवलीस. डावीकडचा एक दात हलायला लागला, मग दुसरा. मी लोकांना सांगत सुटलो की गुण्याने सुपारी गालात ठेवली आणि ती रुजली, आता पोफळ वर येणार. तूही हसायचास, उजव्या बाजूने.

दोन वर्षांपूर्वी शिमगा झाल्यावर मीच तुला कोल्हापूरला घेऊन गेलो. घाटाखाली फोंड्यात चहाला उतरलो तेव्हा तू पाव चहात बुडवून, पार लगदा करून गिळलास. मला तेव्हा थाप सुचली नाही. तसं क्वचित होतं.

डॉक्टरीणबाई आपल्या लेकीच्या वयाच्या होत्या. त्यांनी तुझ्यासमोर टेबलावर एक पांढरा जबडा ठेवला. प्लास्टिकचा, पण तुझाच, यंत्राने फोटो काढून हुबेहूब घडवलेला, डावीकडे फुगून पोखरलेला. तू तो हातात घेऊन सुरमईचं डोकं तपासावं तसा उलटसुलट करून पाहिलास.

"कॅन्सर नाही," बाई म्हणाल्या. "पण ही गाठ हाड खाते. एवढा तुकडा काढावा लागेल, आणि त्या जागी तुमच्या पायातलं बारीक हाड बसवायचं. ते पायात नसलं तरी चालता येतं."

मग त्यांनी तो चष्मा दाखवला. आपला नाकावरचा नव्हे. डोक्याला पट्टा आवळून बसवायचा आणि पुढे गडद काच. मोटारसायकलवाल्याच्या हेल्मेटची नुसती झाकणी. कुठे कापायचं, किती तिरकं, पायाचं हाड कसं वळवून बसवायचं, ते सगळं त्यांनी कॉम्प्युटरवर आधीच आखलं होतं. ऑपरेशनच्या वेळी ते चित्र त्यांना काचेतून थेट तुझ्या चेहऱ्यावर, जागच्या जागी दिसणार होतं.

मी "बापरे" म्हणेपर्यंत तू विचारलंस, "आणि डोक्या हाललां तर?"

"चांगलं विचारलंत. तुमच्या दातांवर एक पट्टी घट्ट बसवणार. तिच्यावर खुणा आहेत. चष्मा त्या खुणा बघत असतो. डोकं हललं की खुणा हलतात, त्यांच्याबरोबर चित्रही हलतं."

"म्हणजे खुणा जुळवच्या," तू म्हणालास. आणि मग तू एवढं बोललास की मी थक्क होऊन बसलो. पाण्याखालचं खडप, म्हणजे खडक, जिथे मासा बसतो, ते वरून दिसत नाही. मग देवळाचा कळस आणि त्याच्यामागच्या डोंगराची खाच एका रेषेत आणायची, दुसऱ्या बाजूला उंच माड आणि दीपस्तंभ एका रेषेत आणायचे. दोन्ही रेषा जिथे एकमेकींना कापतात, तिथे खाली खडप. हे तू बाईंना टेबलावर चार पेनं मांडून दाखवलंस.

बाईंनी त्यातलं एक पेन जरासं सरकवलं. "आणि खुणा जुळल्यासारख्या वाटल्या, पण जुळल्याच नसल्या तर?"

"तर जाळा फाटता. म्हणान आधी दोरयेक वजन बांधून तळ बघूचो. मगे जाळा सोडूचा."

"मी पण तेच करते," बाई म्हणाल्या आणि आपली तर्जनी वर केली. "चष्म्यात दिसलं म्हणून मी कापत नाही. आधी बोटाने चाचपते. चित्र जिथे हाड म्हणतं, तिथे बोटाला हाड लागलं तरच पुढे जाते. नाही लागलं तर चष्मा काढून बाजूला ठेवते."

तुमचं दोघांचं असं जमलं की मी उपराच झालो. म्हणून मी मध्ये तोंड घातलं आणि मलाही चष्मा घालून बघायचाय म्हटलं. बाईंनी आधी तुला घातला. तू त्या प्लास्टिकच्या जबड्याकडे पाहत राहिलास, किती तरी वेळ. मग माझी पाळी. मी चष्मा घातला आणि "अरे, ह्यातून तर कोल्हापूरचे लोक काय जेवून उठलेत ते दिसतंय" असं सुरू केलं. बाई म्हणाल्या, "काका, काही दिसतंय का नक्की?" मी म्हटलं, "सगळं." त्यांनी हसून काढून घेतला. गुण्या, मला काहीच दिसलं नव्हतं. पट्टा नीट बसायच्या आधीच मी बोलायला लागलो होतो.

निघताना तू एकच विचारलंस. "माझो म्हाराजा रवात काय?"

बाईंना कळेना. ते मी त्यांना समजावलं, हातवारे करून, कुत्र्यांसकट. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि उत्तर तुला दिलं. "हाड मी नेमकं बसवीन. पण खालच्या ओठाची नस त्या गाठीतूनच गेली आहे, ती जाणार. ओठ हलेल, पण तो मिटला की उघडा आहे ते तुम्हाला कळणार नाही. प, ब, म ही ओठांची अक्षरं परत शिकावी लागतील. मेहनत केलीत तर म्हाराजा राहील."

"करतंय," तू म्हणालास. एवढ्यासाठी तू जबडा कापून घ्यायला तयार झालास. जगण्यासाठी झाला होतास का, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

ऑपरेशन दिवसभर चाललं. मी बाहेर बाकावर होतो. आतलं मला कण्हण्याएवढंही ऐकू आलं नाही, पण वाडीत परत आल्यावर मी जे सांगितलं ते तू स्वतः ऐकलंस. डॉक्टरीणबाईंनी चष्मा लावला तर जबड्याखाली तुझे विचार दिसले. त्यात तुझ्या खडपाच्या खुणा सापडल्या, आणि दुसऱ्या दिवशी कोल्हापूरचे चार पैलवान गळ घेऊन रंकाळ्याऐवजी आपल्या समुद्राकडे निघाले. तुझ्या हनुवटीला चिमटा काढला तर गुडघा उडतो. तू जेवायला बसलास की तोंडातलं हाड चालायला लागतं, म्हणून वहिनी ताट धरून मागे पळतात. लोक पोट धरून हसायचे. परगावची माणसं यायची आणि विचारायची, तो चष्म्याचा माणूस कुठला? मी तुला पुढे करायचो आणि गोष्ट मी सांगायचो.

तू शेजारी बसायचास. गाल सुजलेला, पाय बांधलेला, मग हळूहळू दोन्ही बरे झालेले. मधेच तू बोट ओठावर ठेवायचास. उजव्या हाताची तर्जनी, खालच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यावर. मी ओरडायचो, "बघा, बघा, गुण्या शाळेत बसलो! हाताची घडी, तोंडार बोट!" सगळे हसायचे. तू बोट खाली घ्यायचास.

किती वेळा झालं असेल? ज्या ज्या वेळी मी ती गोष्ट सांगितली त्या त्या वेळी.

त्या वर्षीची नारळी पौर्णिमा आली तेव्हा तुझ्या तोंडून पेज सांडत होती. तू मला हातानेच खूण केलीस, तू घाल. मी घातलं. दर्याकडे पापलेट मागितली, बोंबील मागितले, पांडूला दुसरी बायको मागितली. लोक हसले, "व्हय म्हाराजा" म्हणताना वाकले. गाऱ्हाणं एवढं रंगलं नव्हतं कधी, असं म्हणाले. मला ते आवडलं, गुण्या. खोटं कशाला बोलू आता? फार आवडलं.

गेल्या वर्षी तू सांगितलंस की तू स्वतः घालणार. आम्ही सगळे किनाऱ्यावर, तू पुढे, पाठमोरा, मी तुझ्या उजव्या हाताला. तू सुरुवात केलीस. आवाज पूर्वीचा नव्हता, जाडसर आणि हळू, पण शब्द ओळखू येत होते. "होडयेक वारो दी, जाळ्याक मासळी दी," आणि मग थांबलास, बोट ओठाला लावलंस, आणि "म्हाराजा". लाळ पुसतोस असं मला वाटलं. वाडी म्हणाली, व्हय म्हाराजा. दुसरं मागणं. बोट. म्हाराजा. तिसरं. मी इकडे पायांवर भार बदलत होतो. मला घाम फुटला होता तुझ्या वाटचा, असं मी नंतर सांगत असे.

शेवटच्या मागण्याला पांडूने नारळ आणून तुझ्या ओंजळीत दिला. "आणि ह्या वाडयेतला जां कोण पाण्यार जाता, तेका सांजेक सुखरूप घराक हाड," तू म्हणालास. आणि थांबलास. नारळ दोन्ही हातांत. तो तू डाव्या बगलेकडे सरकवायला लागलास. ओला नारळ, निसटत होता. सगळी वाडी श्वास धरून उभी. मला वाटलं, गुण्या अडकला. नारळ पडणार, अपशकुन होणार, माझ्या मित्राची शोभा होणार.

आणि मी ओरडलो, "म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" केवढ्याने म्हणाली वाडी. सुटल्यासारखी.

तू नारळ परत दोन्ही हातांत धरलास, पाण्यात गेलास आणि सोडलास. वर आल्यावर मी तुझ्या पाठीवर थाप मारली. "सांबाळलंय का नाय?" तू माझ्याकडे पाहिलंस. मग म्हणालास, "बरा झाला."

मी ते बक्षिसासारखं घेतलं. वर्षभर मिरवलं. तुझ्या देखत सांगायचो, "तुमचो गुणाजी आयत्या वेळेक अडाकलो. मी नसतंय तर दर्या अजून वाट बघी होतो." तुझं बोट ओठावर जायचं. मी म्हणायचो, "बघा, तोंडार बोट! कबूल आसा तेका."

जबड्याने तुला दगा दिला नाही. बाईंनी बसवलेलं हाड शेवटपर्यंत जागेवर होतं. काळजाने दिला, जाळं मांडीवर असताना, दिवसाउजेडी. तेही असू दे. मला जे सांगायचंय ते तुझं तेरावं झाल्यानंतरचं आहे.

मी तुझ्याकडे बसलो होतो. वहिनी तांदूळ निवडत होत्या. त्यांना जरा हसू यावं म्हणून मी म्हटलं, "गेल्या पौर्णिमेक अडाकलो तेव्हाच माका वाटललां, ह्येच्या छातीत काय तरी आसा."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "भावजी, तुमका एक सांगू? तो अडाकलेलो नाय होतो."

"मगे?"

"नारळ बगलेत घेय होतो. बोट मोकळा करूक." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, तांदळाकडे बघत होत्या. "तेका ओठ मिटलेलो कळा नाय. कोल्हापुरात बोलूचा शिकवणाऱ्या बाईन सांगितल्यान, थांबा, गिळा, बोटान ओठ चाचपा, मिटलेलो लागलो काय मगे बोला. वरसभर तसाच केल्यान तेणां. बोट ओठार गेला म्हणजे तो बोलाक सुरवात करता. घरात सगळ्यांका म्हायत होता."

मी विचारलं, मला कसं माहीत नाही? त्या बाईंनी शिकवलं तेव्हा मी कोल्हापुरातच होतो की.

"तुमी भायर व्हरांड्यात होतास. पेशंटांका गजाली सांगी होतास."

असू शकतं. मला आठवतंय, तिथे एक सांगलीचा गृहस्थ होता, टाके उसवतील इतका हसला होता.

वहिनी उठल्या आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला एक कागद घेऊन आल्या. तुझं गाऱ्हाणं, त्यांच्या अक्षरात. प्रत्येक "म्हाराजा"च्या आधी तू निळ्या पेनाने उभी रेघ मारलेली. शेवटच्या म्हाराजाच्या आधी दोन रेघा. नारळासाठी, हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं. तू तेही आधीच धरून चालला होतास. रोज सकाळी चुलीपाशी शहाळं हातात घेऊन सराव करायचास म्हणे. ओंजळ, बगल, बोट, ओठ. वहिनी वाट बघायच्या आणि मग एकट्याच "व्हय म्हाराजा" म्हणायच्या.

"माका वाटला, तो तुमका सांगात कधी तरी," त्या म्हणाल्या. "पण तुमी तेका बोलूकच देऊक नाय."

मी कागदावरच्या रेघा बोटाने मोजत राहिलो. मग त्यांनीच विचारलं, "चष्म्यात तेका काय दिसला, तां तरी तुमका म्हायत आसा?"

मी दोन वर्षं जगाला सांगत होतो चष्म्यात काय दिसलं ते. तुला एकदाही विचारलं नव्हतं.

"तो म्हणालो, आपलो बापूस दिसलो. तसोच जबडो. गाऱ्हाणा घालताना पुढे काढी तसो."

गुण्या, पैलवान काय, गुडघा काय, आयुष्यात एवढ्या थापा मारल्या, पण याच्या जवळपास जाणारी एक गोष्ट मला सुचली नव्हती. आणि ती खरी होती. तुझ्याजवळ होती. प्रत्येक वेळी माझ्या शेजारी बसून तू बोट ओठाला लावून तीच सांगायला निघालेला असशील, परक्या माणसांपुढे, तुझ्या वीस-बावीस शब्दांत. आणि मी म्हणायचो, तोंडार बोट!

तू रागावला का नाहीस? एक थोबाडीत का नाही मारलीस? तुझा हात तर शाबूत होता. "बरा झाला" म्हणालास ते कशाला? पन्नास वर्षांची सवय म्हणून? हा माणूस एवढ्या हौशीने सांगतोय म्हणून? आपण दोघांनी खडपाच्या खुणांवरून भांडणं केली, माडाच्या हद्दीवरून केली. हे एक भांडण तू माझ्याशी करायला हवं होतंस. मी हरलो असतो आणि पौर्णिमेला तुझा म्हाराजा ऐकला असता. आता तुझ्या बाजूनेही मीच भांडतोय. म्हणजे परत सगळं मीच बोलतोय.

डॉक्टरीणबाईंना फोन करून कळवलं. त्यांनी विचारलं, "त्यांचा म्हाराजा राहिला होता ना?" मी म्हटलं, "राहिला होता." त्यांना वाटलं असेल, सगळं नीट पार पडलं. त्यांचं खरंच पार पडलं होतं. त्यांनी काचेतून दिसणाऱ्या चित्रावर विश्वास ठेवायच्या आधी बोटाने चाचपलं. मी तुला दोन वर्षं रोज पाहिलं आणि एकदाही चाचपलं नाही.

पौर्णिमा आता तीन आठवड्यांवर आली. पांडू आणि मंडळी विचारायला आली होती, यंदा गाऱ्हाणं तूच घाल, लोकांना आवडतं. मी आधी नाही म्हटलं. मग वहिनींकडे गेलो आणि तो कागद मागितला. त्यांनी दिला नाही. म्हणाल्या, "हंय येवन शिका."

म्हणून रोज दुपारी तुझ्या चुलीपाशी असतो. हातात शहाळं. शब्द मला एका दिवसात पाठ झाले, त्यात काही नाही. रेघा येत नाहीत. मी थांबतो, आणि माझ्या मते तासभर थांबतो, आणि वहिनी म्हणतात, "भावजी, श्वास तरी झालो काय पुरो? पुन्ना." एकदा मी रेघेत खोकलो, तर म्हणाल्या, "तेणां खोकूक नाय." साठीच्या पुढे गेलेला माणूस मी, जन्मभर बोललो, आणि ही बाई मला बोटाएवढी निळी रेघ शिकवतेय. काल दोन रेघांपाशी पहिल्यांदा पुरता थांबलो. शहाळं बगलेत घेतलं, बोट ओठाला लावलं. माझा ओठ मला कळतो, तरी लावलं. वहिनी "व्हय म्हाराजा" म्हणाल्या आणि सूप घेऊन पडवीत गेल्या, परत लगेच आत आल्या नाहीत.

संध्याकाळी पांडूला सगळं समजावलं. यंदा पैलवान नाहीत, दुसरी बायको नाही. जे कागदावर आहे तेवढंच, आणि जिथे रेघ आहे तिथे थांबायचं. तो म्हणाला, "बरा. पण तू असो मधीच थांबलंस तर लोकांका वाटतला अडाकलंस. कोण तरी मागसून म्हाराजा म्हणान मोकळो होतलो."

"तुका मागे उभो करतंय तां तेच्यासाठीच. कोणाक म्हणूक देव नको."

"काय सांगू तेंका?"

"सांग, थांबा. गुणाजी बोलता हा."